चव जिभेवरून नाही, नाकातून गेली आहे

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका सूनबाईंचा आहे. सासूबाईंचं वय ६२. दोन महिन्यांपूर्वी सर्दी-ताप झाला, आठवड्यात बरा झाला, पण तेव्हापासून त्या म्हणतात, "कशालाच चव नाही, भुस्सा खाल्ल्यासारखं वाटतंय." वरणात मीठ जास्त पडतं. एकदा दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारच्या खोलीत त्यांना कळलं नाही. घरच्यांनी मुलाच्या पुस्तकातलं जिभेचं चित्र पाहून टोकाला गूळ, कडेला लिंबू, मागे कारल्याचा रस लावून पाहिला, तर त्यांनी सगळं बरोबर ओळखलं. जीभ स्वच्छ आहे, गावातल्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं. आता घरात काहींचं म्हणणं, "आईंना नुसतं कौतुक करून घ्यायचंय." नेमकं काय बिघडलंय आणि काय करायचं?

आधी एवढंच सांगतो की सासूबाई खरं बोलत आहेत. तुम्ही केलेल्या तपासणीनेच ते जवळपास सिद्ध झालंय. गोड, आंबट, कडू त्यांना कळतं, म्हणजे जीभ आणि तिच्या नसा काम करत आहेत. करपलेलं दूध कळलं नाही, म्हणजे वासाची वाट बंद आहे. जेवणात आपण जिला 'चव' म्हणतो तिचा मोठा भाग हा वासच असतो. म्हणून वास गेलेला माणूस तक्रार करताना "वास येत नाही" म्हणत नाही, "चव गेली" असंच म्हणतो. नाकाबद्दल कुणी विचारतच नाही आणि जीभ तपासून माणसाला खोटं पाडलं जातं.

जिभेचं काम किती, ते नीट समजून घ्या. जिभेला पाच गोष्टी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी. ही पाचवी १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातल्या ग्लुटामेट या घटकावरून ओळखली. मराठीत तिला रूढ शब्द नाही, पण पिकल्या टोमॅटोच्या सारात जो भरीवपणा जिभेवर रेंगाळतो तो तिचाच. जिभेवर दिसणारे लाल बारीक ठिपके, कडेच्या घड्या आणि मागच्या बाजूला इंग्रजी व्हीच्या आकारात असलेले ८ ते १२ मोठे उंचवटे यांत रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके असतात. एकेका कलिकेत ५० ते १०० पेशी, आणि त्या साधारण १० दिवसांत झडून नव्या येतात. गरम चहाने जीभ पोळली तरी आठवड्या-दीड आठवड्यात चव परत येते ती यामुळेच. जिभेचा बाकीचा खरखरीत पृष्ठभाग अन्न घोळवण्यासाठी आहे, त्यात रुचिकलिका नसतात.

पुस्तकातलं ते चित्र मात्र चुकीचं आहे. १९०१ साली जर्मनीत हेनिग यांनी जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेतला अगदी किरकोळ फरक मोजला होता. पुढे त्याचे आलेख सोपे करता करता 'टोकाला गोड, मागे कडू' असा नकाशा तयार झाला. प्रत्यक्षात रुचिकलिका असलेल्या प्रत्येक भागाला पाचही चवी कळतात. टोकावर मीठ ठेवून पाहा, लगेच कळेल.

आपल्या परंपरेतल्या सहा रसांत तिखट आणि तुरट हे दोन आणखी आहेत. (आयुर्वेदात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत ऐकताना नेमकं उलट वाटतं, त्यामुळे जुनी पुस्तकं वाचताना घोटाळा होतो.) शरीरशास्त्राच्या हिशेबात हे दोन्ही रुचिकलिकांकडे जात नाहीत. तुरटपणा म्हणजे कच्च्या केळातले किंवा सुपारीतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा निसरडेपणा जातो आणि तोंड आखडतं. ती स्पर्शाची जाणीव आहे. तिखटपणा तर सरळ उष्णतेची आणि वेदनेची नस वापरतो. साधारण ४३ अंश सेल्सिअसला जे ग्राहक (म्हणजे पेशीवरची, संदेश टिपणारी प्रथिनं) 'भाजतंय' असा संदेश पाठवतात तेच मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडतात. हा ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि २०२१ च्या नोबेल पुरस्कारात त्याचा वाटा होता. पुदिन्याचा गारवा याच जातीचा, फक्त थंडीच्या ग्राहकातून येणारा. ही नस चेहऱ्याची, म्हणजे ट्रायजेमिनल. ती वासाच्या नसेपासून पूर्ण वेगळी असते. पुढे तपासणी करताना आणि स्वयंपाक करताना हा फरक फार कामाला येणार आहे.

आता नाक. वास ओळखणारी त्वचा नाकपुडीत नसते. ती नाकाच्या छताला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, नाकपुडीपासून सुमारे ७ सेंटीमीटर वर असते. प्रत्येक बाजूला टपालाच्या तिकिटाएवढी. तिच्यावर पातळ शेंबडाचा थर आणि त्यात बुडालेल्या लाखो चेतापेशींचे केस. माणसात सुमारे ४०० प्रकारचे वास-ग्राहक आहेत आणि एका पेशीवर एकच प्रकार असतो. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली या ग्राहकांची जनुकं शोधली, २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. एक वास म्हणजे एक ग्राहक असं मात्र नसतं. हिंगाचे रेणू काही ग्राहकांना जोरात, काहींना हलकेच चेतवतात, आणि त्या सगळ्यांची मिळून जी ठेवण बनते तिला मेंदू 'हिंग' म्हणून ओळखतो. हार्मोनियमच्या पट्ट्या मोजक्याच असतात, त्यातून राग कितीतरी निघतात, तसंच हे. या पेशींचे धागे कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि वासाचा संदेश भावना व आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी फार लवकर पोचतो. मृगाचा पहिला शिडकावा काळ्या रानावर पडला की जिओस्मिन नावाचा रेणू उडतो. मातीतले जिवाणू तो तयार करतात आणि माणसाच्या नाकाला तो अब्जांश भागापेक्षाही कमी प्रमाणात कळतो. त्या वासाने लहानपणचं शिवार डोळ्यांपुढे येतं ते या जवळच्या जोडणीमुळे. वास गेलेली माणसं उदास होतात, घरापासून तुटल्यासारखं वाटतं म्हणतात, त्याचं कारणही हेच. ते कौतुक करून घेणं नव्हे.

या त्वचेपर्यंत हवा दोन वाटांनी जाते. एक समोरून, हुंगताना. दुसरी मागून: घास चावताना निघालेली वाफ घशातून वर नाकाच्या मागच्या दारातून आत जाते. मेंदू या दुसऱ्या वाटेने आलेला वास तोंडाच्या खात्यावर जमा करतो, म्हणून वेलदोड्याची 'चव' आपल्याला जिभेवर वाटते. जिभेला वेलदोडा कळतच नाही. घरात सगळ्यांना बसवून हा प्रयोग करा, विशेषतः सासूबाईंवर शंका घेणाऱ्यांना. डोळे मिटून, नाक बोटांनी घट्ट दाबून, कुणीतरी दिलेला तुकडा तोंडात घ्यायचा: एकाला नुसता गूळ, एकाला वेलदोडा घातलेला गूळ, एकाला बडीशेप आणि गूळ. पाच-सहा वेळा चावायचं आणि काय आहे ते सांगायचं. सगळे "गोड" एवढंच सांगतील. मग तोंड मिटूनच नाक सोडायचं. क्षणात वेलदोडा येतो. नाक दाबलेलं असताना जे जेवण असतं, तेच सासूबाई दोन महिने जेवत आहेत.

सर्दीत सगळ्यांचीच चव जाते, मग यांचीच परत का आली नाही? कारण बिघाड दोन तऱ्हेचे असतात. पहिला वाटेचा: नाक सुजलं, शेंबूड भरला, मांसाचे लोंबते गोळे म्हणजे पॉलिप झाले, तर हवा छतापर्यंत पोचत नाही. अशा माणसाला वास कधी येतो, कधी जातो. गरम पाण्याच्या वाफेनंतर किंवा चालून आल्यावर थोडा वेळ येतो. दुसरा बिघाड पेशींचा: विषाणूने वासाची त्वचाच जखमी केली. कोविडमध्ये विषाणू प्रामुख्याने चेतापेशींच्या आधाराला असलेल्या पेशींत शिरत होता आणि त्या कोसळल्या की चेतापेशीही निकामी होत. साध्या फ्लूनंतरही असं होतं, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत जास्त दिसतं. अशा वेळी नाक मोकळं असतं, श्वास छान चालतो, पण वास शून्य, आणि रोज तसाच शून्य. तुमच्या वर्णनावरून हाच दुसरा प्रकार वाटतो. दिलासा असा की या चेतापेशी शरीरात नव्याने तयार होऊ शकतात. एकेक पिढी यायला महिना-दोन महिने लागतात आणि नवे धागे मेंदूत योग्य जागी जोडले जायला त्याहून जास्त. म्हणून हे काम दिवसांत नव्हे, महिन्यांत मोजायचं.

घरी नीट तपासायचं असेल तर असं करा. त्या दिवशी सकाळी मिश्री, तंबाखू, पान काही लावलेलं नसावं आणि तासभर आधी काही खाल्लेलं नसावं. (आपल्याकडे बऱ्याच वयस्क बायकांना मिश्रीची सवय असते. ती तोंडाची चव बोथट करते आणि लोक ते आजारावर ढकलतात, म्हणून आधी विचारून घ्या.)

जिभेसाठी चार पेले. एका पेल्यात, साधारण २०० मिलिलिटर पाण्यात, सपाट चमचाभर साखर. दुसऱ्यात पाव चमचा मीठ. तिसऱ्यात एक चमचा लिंबाचा रस. चौथ्यात रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणी. पाणी शक्यतो आरओचं किंवा पावसाचं घ्या. बोअरचं जड पाणी आधीच मचूळ असतं, त्यात पाव चमचा मीठ हरवतं. डोळे मिटून, नाक दाबून, कापसाचा बोळा बुडवून जिभेच्या एका कडेला लावा, मग दुसऱ्या कडेला. जीभ बाहेरच ठेवून, आधी ठरवलेल्या बोटांच्या खुणेने उत्तर द्यायचं, कारण तोंड मिटलं की थेंब सगळीकडे पसरतो. मध्ये चूळ भरायची. कडू शेवटी, कारण ते रेंगाळतं. एकाच बाजूची चव गेली असेल तर ते नसेचं लक्षण असतं. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची नस मधल्या कानातून जाते, त्यामुळे कानाच्या ऑपरेशननंतर किंवा चेहरा वाकडा झाल्यावर असं होऊ शकतं.

नाकासाठी पाच-सहा झाकणाच्या डब्या: कॉफी पावडर, ठेचलेली लवंग, हिंग, लिंबाची किसलेली साल, अंगाचा साबण, वेलदोडा. डोळे बंद, एक नाकपुडी बोटाने अलगद मिटायची, डबी दोन-तीन सेंटीमीटरवर धरायची, दोनदा हळू हुंगायचं. मध्ये अर्धा मिनिट थांबा; नाक एका वासाला लगेच सरावतं. दोन डब्या रिकाम्या ठेवा, म्हणजे अंदाजाने दिलेलं उत्तर कळतं. "काहीतरी आहे पण काय ते सांगता येत नाही" हे उत्तरही लिहून ठेवा, ते 'काहीच नाही'पेक्षा चांगलं आहे.

या डब्यांत बाम, चिरलेला कांदा, मिरचीपूड, फिनेल ठेवू नका. इथेच घरोघरी चूक होते. बाम हुंगून सासूबाई म्हणतील "हो, येतोय की!" आणि तुम्ही म्हणाल नाक ठीक आहे. पण बामाचा गारवा आणि कांद्याची चुरचुर त्या वेगळ्या ट्रायजेमिनल नसेने कळते. वास पूर्ण गेलेल्या माणसाच्याही डोळ्यांत कांद्याने पाणी येतंच. आणि उलटंही खरं आहे: ज्याला बामाची झणझणही जाणवत नाही म्हणतो, त्याची तपासणी आणखी बारकाईने करावी लागते.

त्यांच्या शब्दांकडेही लक्ष द्या. मराठीत यासाठी इतके नेमके शब्द आहेत की निम्मं निदान त्यातच होतं. "अळणी लागतंय" म्हणजे मीठ कळत नाही, जिभेकडे बघा. "सपक, भुस्सा" म्हणजे गोड-खारट आहे पण जीव नाही, नाकाकडे बघा. "तोंड कडवट, धातूसारखं" म्हणजे बहुधा औषध, मूत्रपिंड किंवा दात-हिरड्या. मेट्रोनिडाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं टर्बिनाफिन, रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल, मधुमेहाचं मेटफॉर्मिन ही सगळी चव बिघडवू शकतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगून पर्याय विचारा. "जीभ चुरचुरते, गुळगुळीत झाली" असं असेल तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासा. तोंड कोरडं असेल तर आधी लाळेचा विचार करा, कारण लाळेत विरघळल्याशिवाय कोणतीच चव कलिकेपर्यंत पोचत नाही.

दोन महिने झालेत, त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवाच. लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, सगळ्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे. तिथे बारीक दुर्बिणीने नाकाचं छत पाहतात, पाच मिनिटांचं काम आहे, पूर्ण भूल द्यावी लागत नाही. पॉलिप किंवा सूज दिसली तर स्टेरॉइडचा नाकातला फवारा देतात, आणि तो बहुतेक लोक चुकीचा मारतात. डोकं मागे टाकायचं नाही, किंचित पुढे झुकवायचं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारायचा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध सरळ घशात उतरतं. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब मात्र पाच दिवसांपुढे घालू नका. नंतर त्यांनीच नाक उलट चोंदतं. स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. मधुमेह असेल तर साखर झपाट्याने चढते.

वाट पाहू नये अशी लक्षणं: एकाच बाजूचं नाक बंद आणि रक्त, डोक्याला मार लागल्यानंतर वास जाणं किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं, मिनिटभर करपल्याचा वास येऊन माणूस हरवल्यासारखा होणं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीला घाण वास आला तर बहुधा आत शेंगदाणा, मणी किंवा खडू असतो. वास वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत असेल आणि सोबत हालचाली मंदावल्या, हात थरथरतो, झोपेत माणूस ओरडतो किंवा हातपाय झाडतो, तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. पार्किन्सन्समध्ये वास कंपाच्या कितीतरी आधी जाऊ शकतो.

आता उपचार. विषाणूनंतर गेलेल्या वासासाठी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे वासाचा रियाज. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ साली ही पद्धत मांडली: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हे चारही आपल्या घरात किंवा किराणा दुकानात मिळतात.

चार रुंद तोंडाच्या छोट्या काचेच्या बाटल्या घ्या, प्लास्टिकच्या नकोत, त्यांना वास मुरतो. पहिलीत गुलाबाचं अत्तर किंवा तेल, तीन-चार थेंब कापसावर. गुलाबपाणी फार फिकं पडतं. दुसरीत लिंबाची ताजी किसलेली साल, रोज बदलायची. रस नव्हे, कारण सुगंधी तेल सालीत असतं. तिसरीत पाच-सहा लवंगा, दर दोन दिवसांनी नव्याने ठेचून. चौथीत निलगिरी तेलाचे दोन थेंब; दमा असेल तर हे टाळून वेलदोडा घ्या. बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहा. सकाळी चहाआधी आणि रात्री झोपताना, एकेक बाटली नाकाजवळ धरून १५ ते २० सेकंद लहान लहान हुंगायचं, सशासारखं. जोरात ओढलं तर हवा खालून निघून जाते. हुंगताना नाव वाचायचं आणि तो वास आठवायचा: लवंग म्हटलं की मसालेभाताची वाफ, लिंबू म्हटलं की उन्हातून आल्यावरचं सरबत. हे आठवणं म्हणजे सजावट नाही, मेंदूच्या बाजूचं काम तेच आहे. मध्ये अर्धा मिनिट, मग पुढची. एका वेळचं काम पाच मिनिटांत होतं.

पहिले कित्येक आठवडे काहीच येत नाही. बहुतेक लोक इथेच सोडतात, आणि नेमकं तेव्हाच सोडायचं नसतं. १२ आठवड्यांनी त्या पहिल्या डब्यांची तपासणी पुन्हा करा, आणि मग चार नवे वास घ्या: कॉफी, बडीशेप, हिंग, मोगरा. सहा ते नऊ महिने चालू ठेवा. सगळ्यांचा वास पूर्ण परत येतो असं सांगता येणार नाही, पण सुरुवात जितकी लवकर तितका फायदा जास्त. जस्ताच्या गोळ्या शरीरात कमतरता नसेल तर उपयोगाच्या नाहीत. नाकात गरम तेल, कांद्याचा रस असलं काही घालू नका. जखमी त्वचेवर ती आणखी एक जखम होईल.

नाक धुवायचं असेल तर २४० मिलिलिटर पाण्याला अर्धा छोटा चमचा बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. टँकरचं, बोअरचं किंवा नळाचं तसंच नाकात घालू नका. कच्च्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं की बहुधा जीवावर बेततं.

वास येईपर्यंत जेवणाचं काय, हा प्रश्न मला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कारण अशी माणसं एकतर जेवण कमी करतात किंवा मीठ-साखर वाढवतात. फोडणीवर मेहनत घेऊन आत्ता फायदा नाही. दगडफूल, हिंग, येसर मसाला, कास्तीची कोथिंबीर यांचं सगळं वैभव वासात आहे. गरम तेलात हे सुगंधी रेणू विरघळून निघतात, घर घमघमतं, पण सासूबाईंपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. म्हणून जे रस्ते उघडे आहेत त्यांवर स्वयंपाक रचा. आंबट: अंबाडीची भाजी, पानचिंचोलीच्या चिंचेचं सार, कैरीची डाळ. उमामी: टोमॅटो शिजवून आटवलेला, मशरूम. झणका: ठेचा, सुंठ, मोहरी फेसलेली, पुदिना, पोटाला झेपेल इतकाच. (कॅप्सेसिन मिरचीच्या बियांत नव्हे, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत असतं, ती शीर काढली की मिरची निम्मी निवते. तोंड भाजलं तर पाणी नको, ते कॅप्सेसिन विरघळवत नाही. दूध-दह्यातलं प्रथिन त्याला ओढून घेतं.) आणि पोत. तव्यावर कडक केलेली ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची जाडसर चटणी, बाजूला गार काकडी, तळलेली कुरडई. कुरकुरीत, मऊ, गार, गरम हे सगळं एका ताटात असलं तर वास नसतानाही घास जिवंत लागतो. मऊ खिचडी रोज देऊ नका. आजारी माणसाला आपण नेमकी तीच देतो, आणि या आजारात तीच सगळ्यात निर्जीव लागते.

मीठ मोजून. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचासुद्धा नाही. पाच माणसांच्या घरात दिवसाचं मीठ सकाळी एका वाटीत काढून ठेवा: चार सपाट चमचे. भाजी, वरण, कणीक, लोणचं, सगळं त्यातूनच समजा. लोणचं-पापड वाढला तर वाटीतून तितकं कमी करा. सासूबाईंनी स्वयंपाक करायचा हट्ट धरला तर करू द्या, फक्त मीठ चमच्याने आणि ठरलेलं. त्यांच्या हाताला वर्षानुवर्षांचा अंदाज आहे, पण तो अंदाज वासावर तोलून धरलेला असतो. शिजणाऱ्या वरणाचा वास हा त्यांचा तराजू होता.

गॅसची बाब आजच करा. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन मिसळतात, आणि तोच वास सासूबाईंना येणार नाही. सिलिंडरचा हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून गळतीचा अलार्म शेगडीच्या वर नव्हे, जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवा. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद, ही सवय सगळ्यांनी लावा. त्या एकट्या असताना शेगडीवर दूध तापत ठेवू नये.

शिळं आणि खवट ओळखणंही त्यांच्याकडून काढून घ्या, पण समजावून. डब्यांवर तारखा लिहा. करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचं, म्हणजे हवेने लवकर बिघडणाऱ्या घटकाचं, प्रमाण फार मोठं असतं, म्हणून ते उघड्यावर, उन्हाजवळ ठेवलं की लवकर खवटतं. घाण्याचं तेल एकदम पाच किलो आणण्याऐवजी किलो-किलोने आणा आणि झाकून, अंधारात ठेवा. शेंगदाण्याच्या कुटाचंही तसंच.

पुढे कधीतरी, बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, एक विचित्र टप्पा येऊ शकतो आणि त्याने घरचे घाबरतात. वास परत येऊ लागतो, पण वेडावाकडा. कॉफी जळक्या रबरासारखी, कांदा-लसणाची फोडणी सडल्यासारखी, स्वतःच्या घामाचा वास असह्य. नवे धागे अजून योग्य जागी जोडले गेलेले नसतात, काही ग्राहक जागे आणि काही झोपलेले असतात, म्हणून ओळखीची ठेवण मोडकी पोचते. हे बहुधा सुधारणेच्या वाटेवरचं लक्षण असतं. तेव्हा त्यांच्यासमोर फोडणी देऊ नका, खिडकी उघडा, जेवण गरम वाफाळतं न देता कोमट द्या, म्हणजे वास कमी उडतो. दहीभात, धपाट्यासोबत दही, उकडलेला बटाटा, फळं चालतात. रियाज बंद करायचा नाही, जो वास सहन होत नाही तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. आणि त्या म्हणाल्या की मोसंबीचा रस कडू लागतो, तर आधी तो रस कधी काढला ते बघा. मोसंबीचा रस काढून ठेवला की त्यातला एक बेचव घटक आम्लामुळे हळूहळू लिमोनिन या कडू रेणूत बदलतो, आणि तासा-दोन तासांत तो सगळ्यांनाच कडू लागतो. तेव्हा दुसरा पेला ताजा काढून, आधी स्वतः चाखून द्या.